सेनापतीची दोन उत्तरे

२७ एप्रिल १९६७. व्हाइट हाउसमधल्या बैठकीत अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्यासमोर जनरल विल्यम वेस्टमोरलंड बसले होते. व्हिएतनाममधल्या अमेरिकी फौजेचे ते सेनापती, आणि ते आणखी सैन्य मागायला आले होते. तोवर मंजूर झालेला आकडा ४ लाख ७० हजारांचा होता. तो ५ लाख ६५ हजारांवर नेला तर युद्ध तीन वर्षे चालू शकेल आणि ६ लाख ६५ हजारांवर नेला तर दोन, असा त्यांचा हिशेब. जॉन्सन टेक्सासच्या मातीतले मुरलेले राजकारणी. त्यांनी सरळ विचारले, आपण डिव्हिजन वाढवल्या की शत्रूही वाढवणार. मग याचा शेवट कुठे? या संभाषणाची टिपणे ठेवली गेली आणि पुढे संरक्षण खात्याचे ‘पेंटॅगॉन पेपर्स’ हे गुप्त दस्तऐवज फुटले, म्हणून ते आज वाचायला मिळते.

दुसऱ्या दिवशी तेच जनरल छातीवर पदकांच्या रंगीत पट्ट्या लावून अमेरिकी संसदेच्या दोन्ही सभागृहांसमोर उभे राहिले. युद्ध चालू असताना रणांगणावरचा सेनापती बोलावून संसदेसमोर उभा करण्याची अमेरिकेच्या इतिहासातली ही पहिलीच वेळ. देशाने निर्धार, धीर आणि पाठिंबा कायम ठेवला तर व्हिएतनाममध्ये आपण आक्रमकावर मात करू, असे त्यांनी सांगितले. सभासद उभे राहून टाळ्या वाजवत होते. आदल्या दिवशीची दोन-तीन वर्षे आणि दोन लाख जादा माणसे मात्र भाषणात नव्हती.

त्या भाषणातले एखादे वाक्य उचलून ‘हे खोटे’ असे म्हणता येणार नाही. तरीही बंद दाराआडचा माणूस आणि व्यासपीठावरचा माणूस एकच गोष्ट सांगत नव्हते. वादग्रस्त युद्धाचे जाहीर समर्थन करणाऱ्या सेनाधिकाऱ्यांच्या प्रामाणिकपणाचा विचार या जागेपासून सुरू करायला हवा. उघडउघड थापा मारणारे सेनापती इतिहासात आहेत, पण कमी. न बोललेला आकडा, सोयीने निवडलेले परिमाण, ‘प्रगती होत आहे’ या शब्दांमागे दडवलेली शंका यांचाच भरणा मोठा.

मराठी वाचकाला यासाठी लांब जावे लागत नाही. ‘नरो वा कुंजरो वा’ हा शब्दप्रयोग आपण रोजच्या व्यवहारात वापरतो, पण त्या कथेतली एक बारीक गोष्ट बहुधा निसटते. अश्वत्थामा मेला, असे आधी भीम ओरडला होता. द्रोणाचार्यांचा त्यावर विश्वास बसला नाही. त्यांनी युधिष्ठिराला विचारले, कारण तो खोटे बोलणार नाही याची त्यांना खात्री होती. म्हणजे ती थाप चालली ती बोलणाऱ्याच्या पतीवर. लोकशाहीतले राज्यकर्ते हे गणित पक्के ओळखून असतात. युद्ध अंगाशी येऊ लागले आणि पुढाऱ्यांचे शब्द बाजारात चालेनासे झाले, की ते गणवेशातल्या माणसाला पुढे करतात. भीमाचे कुणी ऐकत नाही म्हटल्यावर युधिष्ठिराला बोलावणे जाते.

इथे सेनापतीची बाजूही नीट मांडली पाहिजे, कारण खुर्चीत बसून न्याय करणे फार सोपे असते. शत्रूला फसवणे हा त्याच्या धंद्याचा भाग आहे. १९४४मध्ये नॉर्मंडीच्या चढाईआधी दोस्तांनी जनरल पॅटनच्या नावाने एक आख्खी बनावट फौज उभी केली, रबरी रणगाडे फुगवून ठेवले. त्याला कुणी अप्रामाणिकपणा म्हणत नाही. अडचण अशी, की नागरिक जे वर्तमानपत्र वाचतो तेच शत्रूही वाचतो. ज्या जवानांना उद्या सकाळी टेकडीवर चढायचे आहे तेही तेच ऐकतात. ‘आपण अडकलो आहोत’ हे वाक्य सेनापतीच्या तोंडून बाहेर पडले तर ते खंदकापर्यंत पोचते. त्यातून लोकशाहीत सेना नागरी सत्तेच्या आज्ञेत असते, आणि सरकारच्या धोरणाविरुद्ध जाहीरपणे बोलणारा जनरल हे त्या व्यवस्थेला दुखणेच. तेव्हा प्रश्न सगळे सांगितले का, असा नाही. ज्यांच्या पैशावर आणि ज्यांच्या मुलांच्या जिवावर युद्ध चालते, त्यांना निर्णय घेण्यापुरते खरे चित्र मिळाले का, हा आहे. शत्रूला जे ठाऊकच होते ते आपल्याच लोकांपासून लपवले जात होते का, असेही विचारून पाहावे. व्हिएतनामच्या बाबतीत या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा ‘हो’ असे येते.

त्या युद्धाचा जाहीर मुहूर्तच संशयास्पद होता. २ ऑगस्ट १९६४ रोजी टोंकिनच्या आखातात ‘मॅडॉक्स’ या अमेरिकी विनाशिकेशी उत्तर व्हिएतनामी बोटींची खरोखर चकमक झाली. दोन दिवसांनी, ४ ऑगस्टच्या काळोख्या रात्री, पुन्हा हल्ला झाल्याचे संदेश सुटले. पण त्याच रात्री काही तासांत त्या तुकडीचे प्रमुख कॅप्टन जॉन हेरिक यांनी वर कळवले, की अनेक नोंदी शंकास्पद वाटतात. बिघडलेल्या हवेमुळे रडारवर भलतेच दिसले असेल, सोनारवर बसलेला माणूस उतावीळ झाला असेल. डोळ्यांनी कुणी काही पाहिलेले नाही, तेव्हा पुढचे पाऊल उचलण्याआधी पूर्ण तपास व्हावा. दर्यावर उभ्या असलेल्या अधिकाऱ्याचा इतका सरळ निरोप वॉशिंग्टनच्या पायऱ्या चढता चढता विरून गेला. प्रतिहल्ल्याचे हुकूम सुटले. ७ ऑगस्टला संसदेने जॉन्सनना मोकळा हात देणारा ठराव संमत केला. प्रतिनिधीगृहात विरोधी मत एकही नाही, सिनेटमध्ये दोन.

त्या रात्री आकाशात जेम्स स्टॉकडेल नावाचे वैमानिक होते. बोटी शोधत ते पाण्याला जवळजवळ चाटून उडत होते. त्यांना काळे पाणी आणि स्वतःच्याच जहाजांचा गोळीबार यांखेरीज काही दिसले नाही. दुसऱ्या दिवशी मात्र प्रत्युत्तराच्या हवाई हल्ल्याचे नेतृत्व त्यांनीच केले. १९६५मध्ये त्यांचे विमान पाडले गेले आणि सात वर्षांहून अधिक काळ ते हनोईच्या तुरुंगात हाल सोसत राहिले. ज्या हल्ल्याच्या नावाने युद्ध पेटले तो झालाच नव्हता, ही गोष्ट छळाखाली आपल्या तोंडून निघेल की काय, ही धास्ती त्यांनी तिथे बाळगली. सुटकेनंतर त्यांनी ती लिहून ठेवली. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्या इतिहासकाराने काढलेला तसाच निष्कर्ष २००५मध्ये खुला झाला. हेरिक, स्टॉकडेल ही माणसे खोटी नव्हती. त्यांच्या खरेपणाला वर जायला जिना नव्हता, इतकेच.

जिना नसल्याचा अनुभव त्याआधीही एकाने घेतला होता. २ जानेवारी १९६३ रोजी मेकाँगच्या त्रिभुजातल्या आप बाक या खेड्याजवळ साडेतीनशेच्या आसपास कम्युनिस्ट गनिमांनी दक्षिण व्हिएतनामच्या कितीतरी मोठ्या सरकारी फौजेला दिवसभर रोखून धरले, पाच हेलिकॉप्टरे पाडली आणि रात्री ते पसार झाले. सकाळी रिकामे खेडे ताब्यात आले, आणि सायगावमधले अमेरिकी सेनापती जनरल पॉल हार्किन्स यांनी हा विजय असल्याचे जाहीर केले. उद्दिष्ट होते खेडे, खेडे मिळाले. लढाई प्रत्यक्ष पाहिलेले अमेरिकी लेफ्टनंट कर्नल जॉन पॉल व्हॅन यांनी मात्र ओळखीच्या वार्ताहरांना खरी हकीकत सांगितली. मायदेशी परतल्यावर ८ जुलैला सेनाप्रमुखांच्या संयुक्त मंडळापुढे त्यांचे निवेदन ठरले होते. ते ऐन वेळी कार्यक्रमपत्रिकेतून काढून टाकण्यात आले.

व्हॅन यांनी सेना सोडली आणि वार्ताहरांच्या लेखी ते सत्यासाठी वर्दी उतरवणारे वीर ठरले. पुढे नील शीहन यांनी सोळा वर्षे खपून त्यांचे चरित्र लिहिले तेव्हा कळले, की या सत्यवचनी माणसाने खाजगी आयुष्यातल्या एका गंभीर आरोपातून खोटे बोलून सुटका करून घेतली होती, त्यापायी त्यांची बढतीची वाट आधीच खुंटली होती, आणि राजीनाम्यामागचे हे कारण त्यांनी मित्रांनाही कळू दिले नव्हते. शिवाय हेच व्हॅन नंतर नागरी अधिकारी म्हणून व्हिएतनामला परतले आणि अखेरच्या वर्षांत तिथल्या प्रगतीचे गोडवे गाऊ लागले. युद्धाबद्दल खरे बोलणारा माणूस सर्वत्र खरा असतो, ही आपली भाबडी समजूत. या विषयात शिरताना ती उंबरठ्यावर ठेवावी हे बरे.

१९६३च्या सप्टेंबरमध्ये अध्यक्ष केनेडींनी पाहणीसाठी दोघांना एकाच वेळी व्हिएतनामला धाडले: मरीन दलाचे मेजर जनरल व्हिक्टर क्रुलाक आणि परराष्ट्र खात्याचे जोसेफ मेंडेनहॉल. क्रुलाक लष्करी ठाण्यांवर हिंडले, त्यांना युद्ध जिंकत आल्याचे दिसले. मेंडेनहॉल शहरांतल्या ओळखीच्या लोकांशी बोलले, त्यांना सरकार कोसळताना दिसले. दोघांचे ऐकून घेतल्यावर केनेडींनी विचारले, तुम्ही दोघे एकाच देशात जाऊन आलात ना?

हा विनोद पुढे कारखान्यासारखा चालू लागला. सायगावमध्ये रोज संध्याकाळी लष्कराची वार्ताहर बैठक भरे; वार्ताहर तिला ‘पाच वाजताचा खुळेपणा’ म्हणत. तिथे आकड्यांचा पाऊस पडे. इतकी उड्डाणे, इतके बॉम्ब, शत्रूची इतकी प्रेते. या युद्धाला आघाडीची रेषाच नव्हती. नकाशावर टाचणी पुढे सरकवून दाखवता येत नव्हती. म्हणून प्रेतांची मोजदाद हेच यशाचे माप झाले. आणि मापावर बढती ठरू लागली, की माप फुगते. हे आपल्याकडच्या कुठल्याही तालुका कचेरीतला कारकून सांगेल.

मेलेल्यांचा आकडा फुगवायचा, तर जिवंतांचा आवरायला हवा. १९६७ साली खरी झटापट झाली ती या जिवंतांवरून. सीआयएमधला सॅम अॅडम्स हा तरुण विश्लेषक हस्तगत कागदपत्रे चाळताना या निष्कर्षाला आला, की शत्रूची ताकद लष्कर सांगते त्याच्या दुप्पट, जवळपास सहा लाख असावी. फरक मुख्यतः गावोगावच्या अर्धवेळ ‘स्वसंरक्षण’ दलांचा होता. लष्कराचे म्हणणे, हे म्हातारे, बायका आणि पोरे. यांना कसले सैनिक म्हणायचे? अॅडम्सचे म्हणणे, आपल्या जवानांच्या पायाखाली जे सुरुंग फुटतात ते पेरतो कोण? दोन्ही बाजूंना काही अर्थ होता, आणि वाद तेवढाच असता तर तो तज्ज्ञांचा मतभेद म्हणून सोडून देता आला असता. पण २० ऑगस्ट १९६७ रोजी वेस्टमोरलंड यांचे उपसेनापती जनरल क्रेटन अॅब्रम्स यांनी वॉशिंग्टनला पाठवलेली तार शिल्लक आहे. ही दले मोजली तर बेरीज सव्वाचार लाखांच्या आसपास जाते; गेले काही महिने आपण यशाचे चित्र उभे करत आलो आहोत; वार्ताहरांनी हा आकडा पाहिला तर ते चुकीचा आणि निराशेचा अर्थ काढतील, असा तिचा आशय. शत्रू किती, याचे उत्तर ठरवताना बातमी कशी दिसेल याचा विचार झाला होता, हे त्या तारेने स्वतःच्या तोंडाने सांगितले आहे.

त्या शरदात सीआयएने माघार घेतली, स्वसंरक्षण दले बेरजेतून वगळली गेली आणि अधिकृत अंदाज सव्वादोन ते अडीच लाखांच्या घरात स्थिरावला. २१ नोव्हेंबरला वेस्टमोरलंड वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबमध्ये बोलले: १९६५मध्ये शत्रू जिंकत होता, आज तो निश्चित हरतो आहे, शेवट दृष्टिपथात येऊ लागला आहे, दोन वर्षांत किंवा त्याआधीही सैन्य कमी करायला सुरुवात करता येईल. लोकमत सावरण्यासाठी जॉन्सन सरकारने तेव्हा प्रचाराची मोहीमच उघडली होती आणि वेस्टमोरलंड हा तिचा सगळ्यात विश्वासार्ह चेहरा होता.

दहा आठवड्यांनी, ३० आणि ३१ जानेवारी १९६८ला, तेत या चांद्र नववर्षाच्या सणात शंभराहून अधिक शहरांवर आणि गावांवर एकदम हल्ले झाले. सायगावमधल्या अमेरिकी दूतावासाच्या आवारात गनिम शिरले. लष्करी हिशेबाने कम्युनिस्टांनी यात सपाटून मार खाल्ला, हे आज बहुतेक इतिहासकार मान्य करतात. वेस्टमोरलंड आयुष्यभर तेच सांगत राहिले आणि त्यात तथ्य आहे. पण नोव्हेंबरात जे सांगितले होते त्यानंतर फेब्रुवारीत काहीही सांगून उपयोग नव्हता. त्यातच सेनेने आणखी २ लाख ६ हजार माणसे मागितल्याची बातमी मार्चमध्ये फुटली. जिंकत आलेल्या माणसाला एवढी कुमक कशाला, असा प्रश्न घरोघर विचारला गेला. ३१ मार्चला जॉन्सन यांनी पुन्हा निवडणूक न लढवण्याचे जाहीर केले. तेत हा लष्करी पराभव नव्हता. तो आधीच्या आशावादाचा पराभव होता. नोव्हेंबरात सेनापतीने ‘शत्रू अजून मोठा घाव घालू शकतो’ एवढे एक वाक्य मोकळेपणाने उच्चारले असते, तर जानेवारीचा धक्का पचवणे अमेरिकनांना इतके जड गेले नसते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

या प्रकरणाला न्यायालयातला एक उत्तरार्धही आहे. २३ जानेवारी १९८२ला सीबीएस वाहिनीने अॅडम्सच्या माहितीवर आधारलेला माहितीपट दाखवला आणि शत्रूचे आकडे दाबण्याचा कट झाल्याचे म्हटले. निवृत्त वेस्टमोरलंड यांनी १२ कोटी डॉलरचा अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. न्यूयॉर्कमध्ये महिनोन्महिने चाललेल्या सुनावणीत सगळ्यात जड साक्ष पडली ती त्यांच्याच जुन्या गुप्तवार्ता प्रमुखाची. मे १९६७मध्ये वाढीव आकड्यांची तार आपण सहीसाठी नेली तेव्हा हा राजकीय बॉम्ब ठरेल असे जनरल म्हणाले, अशी ग्वाही मेजर जनरल जोसेफ मॅकख्रिश्चन यांनी दिली. त्यानंतर काही दिवसांत, फेब्रुवारी १९८५मध्ये, वेस्टमोरलंड यांनी दावा मागे घेतला. एक डॉलरही मिळाला नाही. जनरल आपल्या समजुतीप्रमाणे कर्तव्य बजावत असताना देशाशी बेइमान होते, असे आम्हाला म्हणायचे नव्हते, एवढे निवेदन वाहिनीने दिले. माहितीपटही धुतल्या तांदळाचा नव्हता. तो बनवताना पक्षपात झाला, हे वाहिनीच्या अंतर्गत चौकशीतच निघाले होते. सत्य दडवल्याचा आरोप करणाऱ्यांनीच मुलाखतींची कातरजोड केली होती.

सेनापतींची सगळ्यात मोठी चूक मात्र बोलण्यात नाही, मूग गिळण्यात होती, असे मानणारा एक वर्ग खुद्द अमेरिकी सेनेत आहे. जनरल हॅरॉल्ड के. जॉन्सन हे १९६४ ते १९६८ लष्करप्रमुख होते. दुसऱ्या महायुद्धात बटानच्या जीवघेण्या पायपिटीतून वाचलेला हा कणखर माणूस. १९६५च्या जुलैत अध्यक्षांनी राखीव दले न बोलावता, जवळजवळ चोरपावलांनी युद्ध वाढवायचे ठरवले, तेव्हा हे गणित चुकते आहे हे त्यांना कळत होते. राजीनाम्याचा विचार मनात येऊनही ते पदावर राहिले, आणि आत राहून काही भले करता येईल या समजुतीची त्यांना मरेपर्यंत खंत वाटली. १९९७मध्ये एच. आर. मॅकमास्टर या तरुण मेजरने या गप्प बसलेल्या सेनाप्रमुखांवर एक जळजळीत पुस्तक लिहिले. अधिकाऱ्यांच्या पिढ्यांनी ते अभ्यासाला लावले. याच लेखकाला २०१७मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार व्हावे लागले आणि वर्षभरानंतर बाहेर पडावे लागले. पुस्तक लिहिणे सोपे असते, असे तेव्हा त्यांना वाटले असेल काय, कोण जाणे.

व्हिएतनामचा धडा इराकच्या वेळी कामी आला का? थोडा आला, आणि त्याची किंमतही दिसली. २५ फेब्रुवारी २००३ला सिनेटच्या समितीत लष्करप्रमुख एरिक शिन्सेकी यांना विचारले गेले, की युद्धानंतर इराक ताब्यात ठेवायला किती सैन्य लागेल. व्हिएतनाममध्ये पायाचा काही भाग गमावलेल्या या मितभाषी जनरलने आढेवेढे घेत का होईना, पण ‘काही लाख’ असे उत्तर दिले. अमेरिकेत वरिष्ठ अधिकाऱ्याची नेमणूक मंजूर करताना ही समिती त्याच्याकडून कबुली घेते, की विचारल्यास तो स्वतःचे मत देईल, मग ते सरकारच्या मताविरुद्ध का असेना. शिन्सेकी यांनी तेवढेच केले. दोन दिवसांत संरक्षण उपमंत्री पॉल वुल्फोविट्झ यांनी हा अंदाज साफ चुकीचा असल्याचे जाहीर केले. जूनमध्ये शिन्सेकी ठरल्या मुदतीत निवृत्त झाले. निरोप समारंभाला संरक्षणमंत्री रम्सफेल्ड आले नाहीत. २००६च्या नोव्हेंबरात, इराक पेटलेला असताना, त्याच समितीसमोर जनरल जॉन अबिझैद यांनी कबूल केले, की शिन्सेकी बरोबर होते.

शिन्सेकींनी साक्ष दिली त्याच महिन्यात, ५ फेब्रुवारी २००३ला, कॉलिन पॉवेल संयुक्त राष्ट्रांत बोलले होते. तेव्हा ते परराष्ट्रमंत्री होते, अंगात सूट होता. पण जगाने ऐकले ते चार तारे मिरवलेल्या जनरलचे. सद्दाम हुसेनकडची महासंहारक अस्त्रे, फिरत्या प्रयोगशाळा, सगळे त्यांनी ठामपणे मांडले. अस्त्रे सापडली नाहीत. आपल्या नावावरचा हा डाग कायमचा आहे, असे त्यांनी पुढे दूरचित्रवाणीवर मान्य केले. मनाने भीम असलेल्या सरकारने युधिष्ठिराला पुढे केल्याचे याहून ठळक उदाहरण आधुनिक काळात सापडणार नाही. पॉवेल यांनी जाणूनबुजून खोटे सांगितले असे वाटत नाही. पण आपली पत वापरली जात आहे हे न कळण्याइतके ते भोळेही नव्हते.

डेव्हिड पेट्रेयस यांचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे. व्हिएतनामने सेनेला काय शिकवले यावरच त्यांनी १९८७मध्ये प्रिन्स्टनला प्रबंध लिहिला होता. सप्टेंबर २००७मध्ये ते इराकमधल्या वाढीव फौजेचा हिशेब द्यायला तक्ते घेऊन संसदेत आले, त्या दिवशी एका युद्धविरोधी संघटनेने ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पानभर जाहिरातीत त्यांच्या आडनावावर कोटी करून त्यांना विश्वासघातकी ठरवले. हिंसाचार घटल्याचे त्यांचे आकडे पुढे बव्हंशी टिकले. दुसऱ्या दिवशी सिनेटर जॉन वॉर्नर यांनी विचारले, या युद्धामुळे अमेरिका अधिक सुरक्षित होते आहे का? क्षणभर थांबून पेट्रेयस म्हणाले, खरे तर मला माहीत नाही. मग त्यांनी ते वाक्य सावरून घेतले. पण दोन दिवसांच्या त्या साक्षीत सगळ्या तक्त्यांपेक्षा मोलाचे होते ते हे एक अडखळणे.

ब्रिटनचे सेनापती यात थोडे वेगळे वागले. युद्ध कायदेशीर आहे असे आश्वासन निःसंदिग्ध शब्दांत मिळाल्याखेरीज अॅडमिरल मायकेल बॉइस हलायला तयार नव्हते. २००६मध्ये लष्करप्रमुख रिचर्ड डॅनट यांनी तर पदावर असतानाच वृत्तपत्राला सांगितले, की इराकमधल्या आपल्या असण्यानेच परिस्थिती चिघळते आहे. अनेकांना हा औचित्यभंग वाटला.

आता आपल्या अंगणात. निखळ थापेचा नमुना हवा असेल तर १९९९चे कारगिल पुरेसे आहे. शिखरांवर बसलेले मुजाहिदीन आहेत, आमची फौज नाही, हे पाकिस्तानी लष्कराचे म्हणणे. बीजिंगला गेलेले जनरल परवेझ मुशर्रफ आणि त्यांचे रावळपिंडीतले सहकारी यांच्यातले दूरध्वनी संभाषण भारताने ११ जूनला उघड केले, तरी म्हणणे बदलले नाही. आपल्याच जवानांची प्रेते परत घ्यायला नकार दिला गेला. नंतर मात्र कॅप्टन कर्नल शेर खान आणि हवालदार लालक जान यांना निशान-ए-हैदर हे सर्वोच्च शौर्यपदक देण्यात आले. ते सैनिकांना मिळते, मुजाहिदांना नव्हे. २०१३मध्ये निवृत्त लेफ्टनंट जनरल शाहिद अझीझ यांनी लिहून टाकले, की मुजाहिदीन तिथे नव्हतेच. अलीकडच्या बाजूला भारताचे लष्करप्रमुख जनरल वेद प्रकाश मलिक यांनी ऐन लढाईत, साधनसामग्रीच्या तुटवड्याबद्दल विचारले असता, आहे त्यावर लढू, असे उत्तर दिले. सरकारला ते झोंबले. तुटवडा आहे, ही कबुली त्या उत्तरातच होती.

भारतासाठी अवघड प्रश्न १९६२चा आहे, आणि त्यात महाराष्ट्राची माणसे दोन टोकांना उभी आहेत. कोल्हापूर भागातले लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात पूर्व विभागाचे सेनापती असताना त्यांनी १९५९मध्ये ईशान्य सीमेच्या संरक्षणाचा आराखडा वर पाठवला. पुढच्या वर्षी लखनौला ‘लाल किला’ नावाच्या सरावात चिनी आक्रमण कसे होईल हे मांडून दाखवले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी ते झटकून टाकले. थोरात निवृत्त झाले. सप्टेंबर १९६२मध्ये चिन्यांना हुसकावण्याचा निर्णय झाला, तेव्हा लष्करप्रमुख थापर यांनी हुकूम लेखी मागून घेतला. ज्याला विजयाची खात्री असते तो असा कागद मागत नाही. पण ही शंका त्या खोलीतच राहिली. कोअर कमांडर उमराव सिंग यांनी आक्षेप घेतले, तेव्हा ते काम त्यांच्याकडून काढून ब्रिजमोहन कौल यांच्याकडे दिले गेले. देश ‘हाकलून लावा’ या घोषणेवर विसंबून राहिला आणि जवान सुती गणवेशात थाग ला या डोंगरधारेच्या पायथ्याशी उभे होते.

पराभवानंतर ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री’ म्हणून यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत यांनी केलेल्या चौकशीचा गोषवारा त्यांनी २ सप्टेंबर १९६३ रोजी संसदेत सांगितला. प्रशिक्षणात, साधनांत, नेतृत्वात कमतरता होत्या, हे त्यांनी बरेच स्पष्टपणे मान्य केले. मूळ अहवाल मात्र सुरक्षेचे आणि जवानांच्या मनोबलाचे कारण देऊन टेबलावर ठेवला नाही. त्या वर्षी ते कारण पटण्यासारखे होते.

वेस्टमोरलंड २७ एप्रिलला काय म्हणाले आणि २८ला काय म्हणाले, हे शेजारी ठेवून वाचता येते ते कागद बाहेर आले म्हणून. अॅब्रम्सची तार, हेरिकचा निरोप, मॅकख्रिश्चन यांची साक्ष, सारे तसेच. त्यांच्याशिवाय सेनापतीच्या प्रामाणिकपणाची चर्चा म्हणजे आवडत्या-नावडत्या माणसांची यादी. हेंडरसन ब्रुक्स अहवालाचा काही भाग २०१४मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकाराने परस्पर प्रसिद्ध केला. अधिकृतपणे तो आजही गोपनीय आहे. त्यातला मजकूर आजच्या घडीलाही लष्करी दृष्ट्या महत्त्वाचा असल्याचे उत्तर संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी २०१०मध्ये संसदेत दिले होते.